अकरा नटांचा हिशेब

एमजीबी गाडीच्या दुरुस्ती-पुस्तकात टॉर्कचा एक तक्ता आहे. त्यात सिलिंडर हेडच्या नटांपुढे छापलंय : ४५ ते ५० पाउंड-फूट. शेजारी किलोग्रॅम-मीटरमध्ये ६.२ ते ६.९. बास. आट्यांना तेल लावायचं की नाही, वॉशर कसला, जुने स्टड चालतील का, याबद्दल त्या ओळीत अवाक्षर नाही. हे पुस्तक छापलं तेव्हा ते वाचणारा माणूस आठवड्याला असली दोन-चार हेड बसवत असे. त्याला सांगण्याची गरज नव्हती. आज तेच पुस्तक उघडतो तो आयुष्यात पहिल्यांदा इंजिन बांधायला बसलेला हौशी गृहस्थ. हेड ब्लॉकवर ठेवलेलं आहे, नवं पॅकिंग खाली आहे, हातात कोरा टॉर्क पाना आहे, आणि त्याला प्रश्न पडतो : ४५ की ५०?

माझं म्हणणं असं, की हा प्रश्नच थोडा चुकीचा आहे. पण त्याचं उत्तर शोधता शोधता बरंच काही हाती लागतं.

आधी गाडीची ओळख. एमजीबी १९६२ साली ऑक्सफर्डजवळच्या अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यातून रस्त्यावर आली आणि १९८० पर्यंत बनत राहिली. पाच लाखांहून अधिक गाड्या निघाल्या. इंजिन १७९८ सीसीचं, चार सिलिंडरचं, ब्लॉक बिडाचा आणि हेडही बिडाचंच. या घराण्याला बी-सिरीज म्हणतात, आणि ते आपल्याला परकं नाही. अँबॅसिडरच्या बोनेटखाली वर्षानुवर्षं धडधडलेलं १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन याच घराण्यातलं. म्हणून टॅक्सीच्या जमान्यात अँबॅसिडरवर हात काळे केलेला आपल्याकडचा मिस्त्री एमजीबीसमोर बुजत नाही. झाकण काढलं की त्याला धाकट्या भावाचा चेहरा ओळखल्यासारखं होतं.

या मिस्त्री मंडळींचा टॉर्क मनगटात असतो. मला ज्यांनी हेड उतरवायला शिकवलं ते म्हणायचे, ‘‘नट सोडताना नीट ऐक. किती आवळला होता ते तो स्वतः सांगतो.’’ त्यांच्या बाबतीत हे खरंही होतं. तोच पाना, तेवढीच लांबी, तेच इंजिन, वीस वर्षं. अशा मनगटाला मी नावं ठेवणार नाही. पण ज्याला हे काम जन्मात एकदाच करायचं आहे त्याचं मनगट वीस वर्षं थांबणार नाही. शिवाय नट सोडताना जे सांगतो त्यात अर्धं गंजाचं बोलणं असतं. त्याकडे शेवटी येऊ.

आवळणं म्हणजे नेमकं काय करणं? आपण नट फिरवतो, पण आपल्याला हवं असतं ते फिरणं नाही, ओढ हवी असते. एमजीबीचा हेड स्टड तीन-अष्टमांश इंच जाडीचा, म्हणजे साडेनऊ मिलिमीटरचा पोलादी दांडा. खालचं टोक ब्लॉकमध्ये रुतलेलं, वरचं नटात. नट फिरला की दांडा ताणला जातो. रबराइतका नाही, पण ताणला जातोच; आणि मूळ लांबीवर परत यायची त्याची धडपड हीच हेडला खाली दाबून धरते. इंग्लंडमधल्या रॉबर्ट हूक यांनी ताण आणि लांबी यांचं हे नातं १६७६ साली अक्षरांची उलटापालट करून कोड्याच्या रूपात छापलं, आणि १६७८ मध्ये कोड्याचं उत्तर दिलं. आपलं संशोधन दुसऱ्याने पळवू नये म्हणून तेव्हा असे उद्योग चालत. तर स्टड म्हणजे हूकची स्प्रिंग. दिसते दांड्यासारखी, एवढंच.

आता आकडे घालू. ४८ पाउंड-फूट म्हणजे ६५ न्यूटन-मीटर. कोरड्या, स्वच्छ आट्यांवर एवढा टॉर्क दिला तर स्टडमध्ये साधारण साडेतीन टनांची ओढ निर्माण होते. असे अकरा स्टड. म्हणजे सगळे मिळून ३८ टनांच्या आसपास. हे फार वाटतं. सिलिंडरचा बोअर ८०.२६ मिलिमीटर, क्षेत्रफळ सुमारे ५० चौरस सेंटिमीटर. इंजिन जोरात ओढत असताना जळत्या वायूचा दाब दर चौरस सेंटिमीटरला ५० किलो धरला, तर हेड उचलायला धावणारा जोर अडीच टन होतो. तोही एका वेळी एकाच सिलिंडरमध्ये. मग ३८ टन कशाला? कारण पॅकिंगला नुसतं ‘न उचलणं’ पुरत नाही. बोअरभोवतीची त्याची धातूची कडी सतत चेपलेली राहावी लागते. एकाच पॅकिंगमधून तप्त वायू, पाणी आणि तेल शेजारी-शेजारी नांदत असतात, आणि मिनिटाला हजारो धक्के बसत असतात. स्टड चांगला ताणलेला असेल तर त्याला हे धक्के जेमतेम जाणवतात. सैल असेल तर प्रत्येक धक्का तो अंगावर घेतो आणि कधीतरी थकून तुटतो. सैल स्टड तुटतो, घट्ट टिकतो, हे पहिल्यांदा ऐकताना उलटं वाटतं.

साडेतीन टनांनी दांडा ताणतो तरी किती? हेडच्या जाडीएवढी, साधारण ८० मिलिमीटर लांबी मोकळी धरली, तर मिलिमीटरचा जेमतेम पाचवा भाग. इंचाला चोवीस आटे असल्यामुळे नटाच्या एका पूर्ण फेऱ्यात १.०६ मिलिमीटर अंतर कापलं जातं. म्हणजे सगळं पक्कं टेकल्यानंतर स्टड ताणायला नट फेऱ्याचा सहावा हिस्सा फिरला तरी पुरे. हा पाचवा भाग लक्षात ठेवा. पुढे कामाला येणार आहे.

खरी गोम आहे घर्षणात. टॉर्क पान्यावर आपण जो जोर लावतो त्यातला बराचसा भाग वाटेतच खर्च होतो. साधारण निम्मा नटाच्या बुडाखाली, वॉशरवर घासण्यात जातो. चाळीस टक्के आट्यांमध्ये. स्टड ताणण्याच्या मूळ कामाला उरतात दहा टक्के. मंजूर रकमेतले रुपयाला दहा पैसे गावापर्यंत पोचावेत तसा प्रकार. आणि म्हणूनच घर्षणात थोडा जरी फरक पडला, तरी उरलेल्या दहा टक्क्यांत मोठी उलथापालथ होते.

अभियंते यासाठी एक सोपा गुणक वापरतात. कोरड्या पोलादी आट्यांना तो ०.२० च्या आसपास धरतात, इंजिन तेल लावलेल्यांना ०.१६, मॉलिब्डेनम असलेल्या काळ्या ग्रीसला ०.१२. आता तोच ४८ पाउंड-फुटांचा टॉर्क घ्या. कोरडा स्टड : साडेतीन टन. तेल लावलेला : ४.३ टन. मॉलिब्डेनम लावलेला : ५.८ टन. पान्याने तिन्ही वेळा तेवढ्याच निष्ठेने ‘टक्’ केलं. पान्याला काहीच कळलेलं नाही. त्याने मोजला तो तुमच्या मनगटाचा जोर; स्टडची ओढ मोजण्याचं साधन त्याच्यात नाहीच. साध्या दर्जाच्या स्टडवर तो शेवटचा आकडा गेला, तर पोलाद स्प्रिंगसारखं वागणं सोडून देतं. चिक्कीच्या पाकासारखं ओढलं जातं आणि परत येत नाही. नट फिरत राहतो, पान्यावरचा जोर वाढत नाही, आणि हाताला एक मऊ, नकोशी जाणीव होते. ज्याने ती एकदा अनुभवली तो विसरत नाही.

म्हणून ‘४५ की ५०’ हा प्रश्न दुय्यम. या दोन आकड्यांत फरक फक्त अकरा टक्क्यांचा. तेल लावलं की नाही याने पंचवीस टक्के फरक पडतो, आणि ग्रीसने पासष्ट. तक्त्यातला आकडा एका ठरावीक परिस्थितीचा असतो, आणि परिस्थिती बदलून आकडा तोच ठेवणं म्हणजे पाककृतीतलं मीठ मोजून घालायचं पण पाणी वाट्टेल तेवढं.

माझा स्वतःचा पायंडा असा : मूळ प्रतीचे स्टड असतील तर आट्यांवर आणि नटाच्या बुडाला पातळसं इंजिन तेल, आणि टॉर्क ४५ ते ४८. पन्नासला जाण्याचं कारण मला अजून सापडलेलं नाही. एआरपीसारख्या कंपनीचे जास्त ताकदीचे स्टड घेतले, तर पुस्तकातला आकडा विसरायचा आणि स्टडसोबत आलेल्या कागदावरचा आकडा, त्याच कागदावर सांगितलेल्या वंगणासह घ्यायचा. वंगण त्यांचं आणि आकडा पुस्तकातला, किंवा उलट, ही खिचडी मात्र करू नये. आणि उपदेश म्हणून ‘थोडं जास्तच आवळा, बरं असतं’ सांगणारा एक जण प्रत्येक गॅरेजात असतो. त्याला चहा पाजावा.

एककांचा घोळही इथेच उरकून टाकू. ४५ ते ५० पाउंड-फूट म्हणजे ६१ ते ६८ न्यूटन-मीटर. आज बाजारात मिळणाऱ्या बहुतेक पान्यांवर न्यूटन-मीटर ठळक आणि पाउंड-फूट बारीक असतं. घाईत ५० न्यूटन-मीटरवर लावून मोकळे झालात, तर हेडला मिळाले फक्त ३७ पाउंड-फूट. फियाटसारख्या इटालियन पुस्तकांत किलोग्रॅम-मीटर असतं. पहिला नट धरण्याआधी आकडा आणि एकक दोन्ही मोठ्याने म्हणावं. वेडगळ दिसतं, पण म्हणावं.

आकडा ठरला तरी स्टड त्या आकड्याच्या लायकीचा हवा. जुने स्टड ब्लॉकमधून काढले की आट्यांत साठलेला गंज आणि जळकं तेल पाहून घ्या. आटे दाबलेले, ताणलेले दिसले तर स्टड भंगारात. ब्लॉकमधल्या भोकांत टॅप हलक्या हाताने फिरवून कचरा काढायचा आणि हवेने फुंकायचं. भोकाच्या तळाशी तेल किंवा पाणी साचून राहिलं, तर स्टड पिचकारीच्या दट्ट्यासारखं काम करतो. द्रव दबत नाही, त्याला जायला जागा नसते, आणि बिडाला तडा जातो. स्टड ब्लॉकमध्ये बोटांनी बसवायचा, तळाला टेकवून पाना मारायचा नाही. ओढ वरून नट देणार आहे. आणखी एक गोष्ट बोटाने तपासायची : अनेक वर्षांच्या ओढीने स्टडच्या भोकाभोवतीचं बीड किंचित वर उचललं जातं. डोळ्याला दिसत नाही, नखाला लागतं. त्या उंचवट्यावर पॅकिंग टेकलं की शेजारची जागा उपाशी राहते. भोकाच्या तोंडाला हलकी खाच मारून तो काढून टाकतात.

वॉशरला कोणी महत्त्व देत नाही. निम्मा टॉर्क नटाच्या बुडाखाली खर्च होतो हे आठवलं, की त्याची किंमत कळते. हार्डवेअरच्या दुकानातला मऊ पत्र्याचा वॉशर दाबाखाली बशीसारखा वाकतो, नट त्यात रुततो, घर्षण वाढतं, आणि पाना स्टड पुरेसा ताणण्याआधीच ‘टक्’ करून मोकळा होतो. जाड, कडक, सपाट वॉशरच हवा. अकराही एकाच जातीचे.

आवळण्याचा क्रम मधून बाहेर. मधल्या नटापासून सुरुवात, मग आलटून-पालटून दोन्ही बाजूंना, टोकाचे शेवटी. गादीवर चादर घालताना आपण मधून कडेकडे हात फिरवतो, कारण कडा आधी खोचल्या तर मधली सुरकुती अडकून बसते. हेड जाडजूड बिडाचं असलं तरी त्याचीही सुरकुती पडते, फक्त ती मिलिमीटरच्या शंभराव्या भागात मोजावी लागते. एका दमात पूर्ण टॉर्क द्यायचा नाही. पहिल्या फेरीत १५-२०, दुसऱ्या फेरीत ३०-३५, तिसऱ्या फेरीत पूर्ण. पाना ओढायचा तो सावकाश, एकसारखा, आणि नट फिरत असताना ‘टक्’ आला पाहिजे. नट न हलताच ‘टक्’ आला तर त्या वाचनाला अर्थ नाही. थांबलेल्या नटाचं घर्षण फिरत्या नटापेक्षा जास्त असतं. झटके देणाऱ्याचा पानाही खोटं बोलतो.

या अकरांपैकी चार नट दुहेरी नोकरी करतात, आणि बी-सिरीजमधला सगळ्यात जुना सापळा इथे आहे. झडपा दाबणाऱ्या रॉकरचा दांडा चार आधारांवर बसतो. प्रत्येक आधाराला दोन नट : एक छोटा, फक्त आधार धरणारा, त्याचा टॉर्क २५ पाउंड-फूट, आणि दुसरा मोठा, तो हेडचाच. एखाद्याला फक्त रॉकर काढायचा असतो. तो आठ नट सोडतो, त्यात नकळत हेडचे चार मोकळे होतात, बाकीचे सात मात्र पूर्ण जोरात दाबून आहेत. हेड एका बाजूला पीळ खातं, पॅकिंगचा तोल जातो, आणि भरलेलं पाणी हळूच सिलिंडरमध्ये उतरतं. म्हणूनच कारखान्याचं पुस्तक बजावतं, की रॉकर काढायचा असला तरी आधी पाणी काढा आणि अकराही नट थोडे-थोडे, क्रमाने ढिले करा. अर्ध्या तासाचं काम दोन तासांचं होतं, आणि नेमकं त्यामुळेच लोक हे वाक्य वाचून न वाचल्यासारखं करतात. मीही एकदा केलं होतं. दुसऱ्या दिवशी ऑइलची काडी बाहेर काढली तर तिच्यावर दुधाळ फेस.

टॉर्क पान्याचा जन्म मोटारींसाठी झाला नव्हता, ही मला आवडणारी गोष्ट. न्यूयॉर्क शहराच्या पाणी खात्यात काम करणाऱ्या कॉनरॅड बार यांनी १९१८ साली तो काढला. जमिनीखालच्या पाण्याच्या आणि वाफेच्या नळांचे बोल्ट कामगार गरजेपेक्षा जास्त पिळत, त्यावर हा उपाय. म्हणजे अति आवळण्याचा रोग मेकॅनिकांनी नव्हे, नळवाल्यांनी आधी उघड केला. आपल्या पान्याबद्दल दोनच गोष्टी पाहायच्या. पट्टीच्या अगदी तळच्या आकड्यांवर त्याचा भरवसा नसतो, म्हणून ४८ साठी तीनशेपर्यंत जाणारा ट्रकचा पाना उसना आणू नये. आणि काम झालं की त्याची स्प्रिंग सैल करून ठेवायची.

बिडावर बीड असल्यामुळे एमजीबी तशी सोशिक. जॅग्वारचं १९४८ साली आलेलं एक्सके इंजिन, जे पुढे ई-टाइपमध्ये गेलं, त्यात बिडाच्या ब्लॉकवर अ‍ॅल्युमिनियमचं हेड आहे. अ‍ॅल्युमिनियम उष्णतेने पोलादाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. ८० मिलिमीटर जाडीचं हेड ७० अंशांनी तापलं, तर ते स्टडपेक्षा ०.०६ मिलिमीटरने जास्त वाढतं. मघाचा पाचवा भाग आठवा; त्याच्या तुलनेत हे किरकोळ नाही. गरम झाल्यावर स्टडवरची ओढ आपोआप वाढते, म्हणून असं हेड पूर्ण थंड असतानाच आवळायचं असतं. ट्रायम्फ स्टॅगने १९७० मध्ये याच्यावर कडी केली : एकाच हेडला काही सरळ बोल्ट, काही तिरपे स्टड. स्टड अ‍ॅल्युमिनियममध्ये गंजून बसले की हेड ना सरळ उचललं जातं ना तिरपं. पोर्शे ९११ मध्ये उलटी तऱ्हा : हेडचा टॉर्क ३३ न्यूटन-मीटरच्या आसपास, एमजीबीच्या निम्मा. बऱ्याच जुन्या इंजिनांचा क्रँककेस मॅग्नेशियमचा. तिथे जास्त पिळलं तर स्टड तुटत नाही, आट्यांसकट उपटून हातात येतो.

आणि १९९५ च्या एमजीएफमध्ये तर मोजायची रीतच बदलली. तिच्या के-सिरीज इंजिनाचे दहा लांब बोल्ट आवळायचे फक्त २० न्यूटन-मीटरला. मग प्रत्येक अर्धा फेरा, आणि पुन्हा अर्धा फेरा. पहिल्या वीसनंतर पाना बाजूला ठेवून कोन मोजायचा. आट्यांची चाल माहीत असेल तर कोन म्हणजे थेट लांबी, आणि लांबी म्हणजे ओढ. घर्षण त्यात नाक खुपसू शकत नाही. हूकला हे पाहून बरं वाटलं असतं. ही रीत एमजीबीच्या आखूड, जाड स्टडना मात्र लावू नये. त्यांना तेवढी ताणण्याची जागाच नाही.

इंजिन सुरू झालं, पूर्ण तापलं, रात्रभर थंड झालं, की पुन्हा हेडकडे यायचं. पहिल्या उष्णतेत पॅकिंग बसतं. समजा, मिलिमीटरचे पाच शतांश खाली गेलं : ऐकायला काहीच नाही, पण स्टड ताणला होता तो एकपंचमांश मिलिमीटर, त्यातला चौथा हिस्सा गेला. साडेतीन टनांतले जवळजवळ नऊशे किलो गायब. म्हणून पारंपरिक पॅकिंगवर पुन्हा आवळणं लागतं. काही नवी पॅकिंगं याची गरज नाही असं पाकिटावरच सांगतात, आणि मग त्यांचं ऐकावं. पुन्हा आवळताना त्याच क्रमाने एकेक नट आधी किंचित सोडायचा, आणि मग आकड्यापर्यंत न्यायचा. न सोडता थेट पाना लावला तर चिकटून बसलेल्या नटाचं घर्षण पान्याला फसवतं. मिस्त्रींचा ‘बोलणारा’ नट तो हाच. सुटताना त्याने ५५ सांगितलं तरी त्यातली खरी ओढ किती आणि हट्ट किती, हे त्याच्या आवाजावरून कळत नाही.

यानंतर टॅपेट पाहायचे. लोक हे टाळतात, कारण ते आधीच लावलेले असतात. पण हेड खाली बसलं की रॉकरही त्याच्यासोबत खाली येतो, त्याला खालून ढकलणारा पुशरॉड मात्र आहे तिथेच राहतो, आणि रॉकरच्या दोन भुजा असमान असल्यामुळे रॉकर आणि झडप यांच्यातली फट पॅकिंग बसलं त्याहून जास्त कमी होते. पंधरा सहस्रांश इंचाच्या फटीतले तीन जरी गेले, तरी एक्झॉस्टची झडप बैठकीवर कमी वेळ टेकते, आणि झडपेला थंड व्हायला तेवढाच वेळ मिळतो.

हे सगळं झालं की मी गाडीच्या वहीत एक ओळ लिहितो : ४८ पाउंड-फूट, आट्यांना इंजिन तेल, नवे कडक वॉशर, पॅकिंग कुठलं, पुन्हा आवळलं ती तारीख, आणि दुसऱ्या वेळी कोणता नट सगळ्यात जास्त फिरला. गेल्या खेपेला तो मागून दुसरा होता.